डावीकडची दांडी

१० नोव्हेंबर २००२, रविवार

दिग्विजय नावाचा एक मुलगा आज जीप बघून गेला. मुलगा म्हणजे असेल अठ्ठावीसेक वर्षांचा. हिंजवडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, वाघोलीला प्लॉट घेतलाय आणि आता त्याला "वीकेंडसाठी काहीतरी रफ" हवं आहे. त्याने जीपभोवती दोन चकरा मारल्या, काचेच्या वाकलेल्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, ही ॲक्सिडेंटची आहे का?"

"नाही, जन्मतःच अशी आहे," सुदर्शन म्हणाला.

मुलगा हसला. मला हसू आलं नाही. संक्रांतीनंतर सांगतो, असं सुदर्शनने त्याला सांगितलं. म्हणजे मनातून विकून झाली आहे.

उद्या तीन महिने होतील. खडकवासल्याच्या पुढे, बॅकवॉटरच्या वरच्या चढावर जीप उलटली. तो चालवत होता, मी डावीकडे. माझं हासळीचं हाड मोडलं, तिथे आता पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. त्याला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून तो जीपमध्ये बसलेला नाही. पाठ दुखते म्हणतो.

सोळा वर्षं महिन्याचा एखादा तरी रविवार आम्ही त्या जीपमध्ये घालवला. लष्कराच्या लिलावातली ती जुनी गाडी. मी झुडपांत शिरून पानं-फुलं गोळा करायची, तो बॉनेटवर बसून थर्मासमधला चहा प्यायचा. आमचं लग्न म्हणजे बऱ्याच अंशी तेच रविवार, असं मला हल्ली वाटायला लागलंय. मला तो परत त्या जीपमध्ये बसायला हवा आहे. एवढंच.

(समोर मी त्याला अहो म्हणते. इथे नुसतं सुदर्शन. वहीला सासू-सासरे नाहीत.)

१६ नोव्हेंबर, शनिवार

गॅरेजवाल्याने माणूस पाठवून जीप नेली आणि काचेची चौकट सरळ करून दिली. म्हणाला, "बाई, वर पाइपांची केज असती ना, तर तुमचं हाड वाचलं असतं."

केज म्हणजे काय, ते त्याने ग्रीसच्या बोटाने फरशीवर काढून दाखवलं. सीटच्या मागे एक मोठी कमान, पुढे काचेशी दुसरी, दोन्हींना जोडणारे आडवे पाइप. कोंबड्यांवर डालगं घालतात तसं. गाडी उलटली तरी तिचं वजन माणसाच्या डोक्यावर न येता कमानींवर जातं. इतकी साधी गोष्ट, आणि सोळा वर्षांत आम्हाला सुचली नाही. तीन ॲल्युमिनियमच्या काड्या आणि कॅनव्हास, एवढ्यावर आम्ही फिरत होतो.

घरी येईपर्यंत मी ठरवूनच टाकलं. सुदर्शनचा जीपवरचा विश्वास उडाला आहे. माणसावरचा विश्वास उडाला तर काय करतात मला माहीत नाही, पण वस्तूवरचा असेल तर वस्तू मजबूत करता येते.

"जीपला केज बसवून घेऊ का?" मी विचारलं.

त्याने पेपर खाली केला नाही. "घे. दिग्विजयला आवडेल."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुट्टी आहे, तोवर माणूस शोधायला हवा. आज घराजवळच्या वेल्डिंगवाल्याला जीप दाखवायला घेऊन आले. "दोन दिवसांत देतो," म्हणाला. पाण्याचे पाइप वापरणार आणि पाय जीपच्या तळाच्या पत्र्याला चिकटवणार. मी त्या पत्र्यावर अंगठ्याने दाबलं तर पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्कन आत गेला.

"ह्यावर सगळं वजन येणार का?"

"चालतं हो ताई. शोसाठीच असतं ते."

मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. बोट लावलं की आत जाणाऱ्या वस्तूवर हजार किलो ठेवू नयेत, हे सातवीच्या मुलीला कळतं. नमस्कार करून त्याला निरोप दिला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बंब गळतो म्हणून कसब्यात, तांबट आळीत गेले होते. बंब दुरुस्त करणाऱ्याचं नाव ज्ञानदेव. पन्नाशीचा, बुटका, कानांत कापसाचे बोळे. आयुष्यभर ठोक्यांच्या आवाजात बसलेला माणूस. त्याच्या दुकानात तांबं कमी आणि लोखंड जास्त. "बंब कोण घेतो आता? गीझर आले. वडील मठारकाम करायचे, तांब्यावर बारीक ठोके पाडायचं. मी जिने, ग्रिल, मिळेल ते करतो." कोपऱ्यात एक जाड पाइप उभा होता, काटकोनात वळवलेला, आणि त्याच्या वळणाच्या आतल्या बाजूला एकही सुरकुती नव्हती. मी बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले.

"हे कसं केलंत?"

उत्तर दारात बसलेल्या त्याच्या आईने दिलं. मुक्ताबाई. ऐंशीच्या पुढच्या असतील, चिंचेने तांब्या घासत होत्या. "पोटात काही असलं की माणूस मोडत नाही, पाइपाचंही तेच."

वळवण्याआधी पाइप आतून भरायचा. तांब्याला राळ, लोखंडाला वाळू. पोकळ ठेवला तर चपटा होतो. जीपचं सांगितलं, तेव्हा ज्ञानदेवने कापसाचे बोळे काढून नीट ऐकलं. मग म्हणाला, "पाण्याचा पाइप नको. त्याला शिवण असते, उलटली की उसवते. बिनशिवणीचा आणू. पाय पत्र्यावर नाही, खालच्या चासीवर. घाई असेल तर दुसरीकडे जा."

मी बंब आणि जीप दोन्ही त्याच्यावर सोपवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

मापांसाठी जीप तिथे न्यावी लागणार. आळीत एका हातगाडीपुरती जागा, आणि तीही सकाळी सहाला. सुदर्शनला विचारलं. पाठ दुखत होती.

मला चालवता येतं. त्यानेच शिकवलं होतं, जीप घेतली त्या वर्षी. पुढे सवय राहिली नाही आणि लायसन्स फक्त बँकेत ओळख पटवायला उरलं. सहकारनगरापासून कसब्यापर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. एका दूधवाल्याने सायकलवरून मला मागे टाकलं आणि वळून बघितलं.

आळीत शिरताना दोन्ही बाजूंना चार चार बोटं उरत होती. मुक्ताबाई ओट्यावर उभ्या राहून हातवारे करत होत्या. "ये, ये, भिंत माझी आहे, लागली तर मी बोलणार नाही."

लागली नाही.

ज्ञानदेवने पहिला प्रश्न विचारला, "चालवणार कोण?"

"आमचे हे."

"मग त्यांना आणा. माप अंगावर घ्यायचं असतं. शिंपी काय नुसत्या नावावर सदरा शिवतो?"

पुढच्या वेळी आणते म्हणाले. आजपुरती त्याने मलाच उजवीकडे बसवलं आणि कमानीची रुंदी घेतली. येताना मागे वळून बघितलं नाही, पण आरशात सगळी आळी दिसत होती. मी ती अख्खी आळी रिव्हर्समध्ये पार केली. घरी पोचले तेव्हा सुदर्शन गॅलरीत होता, चहाचा कप कठड्यावर. तासभर तिथेच असावा, चहावर साय आली होती. मी त्याला रिव्हर्सचं सांगितलं.

"आरसा मोडला नाहीस," तो म्हणाला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा सुरू झाली. गुरुवारी माझा जादा तास असतो. सुदर्शनही आजपासून दर गुरुवारी कारखान्यातून परस्पर पाठीला शेक घ्यायला जाणार आहे. आपणहून काहीतरी करतोय, हे बरं झालं.

त्या दिवसाची एक गोष्ट आठवत राहते. चढाच्या आधी मी म्हणाले होते, "मी उतरते, चालत येते वर." तो म्हणाला, "बस गं, काही होत नाही." मी हे कुणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. सोळा वर्षांत शंभरदा तो असं म्हणाला असेल, आणि नव्याण्णवदा काही झालं नव्हतं.

१ डिसेंबर, रविवार

आज पहिली कमान वळवली. मी चहासुद्धा विसरले.

वाळू आधी मुक्ताबाईंनी लोखंडी कढईत भाजून घेतली, चुरमुरे भाजतात तशी, झाऱ्याने हलवत. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुम्ही सांगा."

मी विचार केला. ओली वाळू, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे ठोकून बंद केलेला पाइप, आणि खाली भट्टी. पाण्याची वाफ. वाफेला बाहेर पडायला जागा नाही.

"गुट्टा उडेल," मी म्हणाले.

"ह्याच्या काकाचा दात उडाला होता," त्या शांतपणे म्हणाल्या आणि झारा चालू ठेवला.

पाइप उभा धरून वाळू भरत जायची आणि बाजूने लाकडी हातोडीने टकटक करत ती बसवायची. आवाज बदलत जातो. पोकळ टणटण कमी होत होत शेवटी नुसता ठप्प होतो. मग तापवून, लाल झाला की साच्याभोवती ओढायचा. ज्ञानदेव एका बाजूला आणि त्याचा शेजारी दुसऱ्या बाजूला, कुणी काही बोलत नाही. लोखंड वळताना आवाज करत नाही हे मला माहीत नव्हतं. मला उगाच वाटायचं की कण्हत असेल.

सुदर्शनला सगळं सांगितलं. तो कारखान्यात तपासणी विभागात आहे, त्याला ह्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याने एवढंच विचारलं, "तापवल्यावर पाणी ओततो का तो? ओतू देऊ नकोस. हवेत गार होऊ दे." आणि परत पेपर.

म्हणजे ऐकत होता.

५ डिसेंबर, गुरुवार

सुदर्शनच्या रुमालावर लाल डाग. धुतला तरी गुलाबी राहिला. पान खायला लागलाय का? पन्नाशीला आलेल्या माणसाला हे विचारायचं कसं? कारखान्यात हल्ली मोजमापाला संगणकाचं यंत्र आलंय, ह्याच्या विभागातले चौघे स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. त्या काळजीत माणूस काहीही खायला लागतो. पँटच्या खिशातही कसलीशी पांढरी भुकटी होती. मी झटकून टाकली.

८ डिसेंबर, रविवार

दोन पाइप एकमेकांना जोडायचे तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या गोलाईवर तंतोतंत बसायला हवं. त्यासाठी ते माशाने आ वासावा तसं कापतात. ज्ञानदेव अंदाजाने कापतो, घासतो, लावून बघतो, परत घासतो.

मी घरून आलेखाचा कागद नेला होता. पाइपाभोवती गुंडाळला, कापायची रेघ हिशोबाने काढली आणि कागद उलगडून दाखवला. सपाट कागदावर एक सुंदर लाट होती, वर-खाली, वर-खाली. दुसऱ्या पाइपाला तोच कागद गुंडाळून खुणा केल्या. पहिल्या झटक्यात तोंड बसलं. नख जाईना.

ज्ञानदेवने कागद उलटसुलट बघितला. "हे पुस्तकात असतं?"

"असतं. पण मी आज पहिल्यांदा पाइपावर बघितलं."

"मग आपण दोघंही आजच शिकलो," तो म्हणाला आणि कागद खिळ्याला अडकवून ठेवला.

मला उद्या नववीला हे दाखवायचंय.

आणखी एक. आधीच्या सगळ्या जोडांवर खडूच्या छोट्या खुणा आहेत, बरोबरची खूण. एक जोड मात्र कापून नव्याने केलेला दिसला. विचारलं, तर मुक्ताबाई म्हणाल्या, "एक उंच गृहस्थ येतात. गुरुवारचे. त्यांनी काढायला लावला."

"कोण गृहस्थ?"

"मी नाव कशाला विचारू? लग्न जमवायचंय का?"

ज्ञानदेव भट्टीकडे बघत राहिला.

दिग्विजयने माणूस पाठवला असणार. ह्या मुलाची कमाल आहे. अजून होकार नाही आणि तपासणी सुरू. मी रागावून जीप इतक्या जोरात काढली की आळी कधी संपली ते कळलंच नाही.

१५ डिसेंबर, रविवार

सुदर्शन आजही आला नाही. पाठ. पण काल त्याने खालीच हातपंपाने चारही चाकांत हवा भरली, ब्रेकचं तेल बदललं. "विकायची वस्तू नीट ठेवावी."

ज्ञानदेवला आता सीट बसवायच्या आहेत. कुणाचं डोकं वरच्या पाइपापासून किती खाली, पाय क्लचला पुरतात की नाही, हात कुठे येतो. म्हणून मी काल एक चोरी केली. सुदर्शन वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता, तेव्हा मागून टेप लावून बैठकीपासून डोक्यापर्यंत मापलं. सदतीस इंच.

"काय चाललंय?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

"स्वेटर विणतेय."

"डोक्याला?"

ते माप चिठ्ठीवर लिहून ज्ञानदेवला दिलं. त्याने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "तरी बसा तुम्ही. कुणीतरी बसायला हवं." मग अर्धा तास मला उजवीकडे बसवून हात लांब करा, पाय दाबा, वळून बघा, असं सगळं करून घेतलं. मुक्ताबाईंनी माझ्या डोक्यावर हात आडवा धरला आणि पाइपापर्यंत किती बोटं मावतात ते मोजलं.

२२ डिसेंबर, रविवार

आज नुसतंच काम होतं, माझी गरज नव्हती. तरी गेले. येताना ब्रेक बघायचे म्हणून लांबून आले, मग इंजिन नीट तापू दे म्हणून आणखी लांबून. नाश्त्याला साडेदहा वाजले. सुदर्शनने पोहे करून ठेवले होते. मी त्याच्यासाठी एवढी धडपड करतेय, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता.

"काय?"

"नाकाला ग्रीस लागलंय."

५ जानेवारी २००३, रविवार

दिग्विजयचा फोन नाही, तो स्वतः नाही. त्याचा तो उंच माणूस मात्र नेमाने येतो म्हणे. संक्रांतीला नऊ दिवस राहिले. मी आज सुदर्शनला स्पष्ट विचारलं, "केज झाल्यावर एकदा तरी बसाल ना? विकण्याआधी?"

त्याने पेपरची घडी घातली. "झाली की बघू," म्हणाला.

रिक्षात, टॅक्सीत, कुठेही अचानक ब्रेक लागला की त्याचा हात माझ्यासमोर आडवा येतो. हे ऑगस्टानंतरचं. परवा तर आम्ही बसमध्ये उभे होतो, तरी आला. मी त्याला सांगणार होते की माझं हाड आता जुळलंय, पट्टी आहे तोवर ते उलट जास्त मजबूत आहे. पण असल्या गोष्टी बोलायला आम्हाला जीप लागते. समोर बघत बोलता येतं.

१२ जानेवारी, रविवार

आज केज बसली. काळा रंग, डोक्याजवळ जाड फोम, पायांच्या बैठका थेट चासीवर. ज्ञानदेव वरच्या आडव्या पाइपाला लोंबकळला आणि जीप नुसती हलली, पाइप नाही.

मी उजवीकडे बसले. हात जिथे जायला हवा तिथे गेला. क्लच पूर्ण दबला, पूर्वी मला पुढे सरकावं लागायचं. इतकं नेमकं बसणारं मी आयुष्यात काही घातलेलं नाही, लग्नातला ब्लाऊजसुद्धा नाही. आणि मग शंका आली. टेप काढला. सीटपासून वरच्या पाइपापर्यंत छत्तीस इंच.

सुदर्शन सदतीस आहे.

सात आठवडे. मी खाली उतरले. आवाज चढला असावा, कारण समोरच्या दुकानातले ठोके थांबले. "ज्ञानदेवराव, मी चिठ्ठी दिली होती. चालवणाऱ्याचं माप दिलं होतं. हे इथे बसले तर पहिल्या खड्ड्यात डोकं आपटेल."

"डावीकडे मोजा," तो म्हणाला.

डावीकडची सीट पाच इंच खाली आणि मागे सरकवलेली होती. तिथे एक्केचाळीस. आणि समोर डॅशबोर्डवर आडवी एक दांडी होती, जी माझ्या कुठल्याच चित्रात नव्हती. आत लोखंड, वरून तांब्याचं आवरण, आणि त्यावर मठाराचे बारीक ठोके, सगळे सारखे. धरायची दांडी. माझ्या हातांना ती लांब पडत होती.

"हे कुणी सांगितलं?"

"त्या साहेबांनी. पहिल्याच गुरुवारी. म्हणाले, उजवीकडे बाईंचं माप घ्या, त्यांना मात्र काही सांगू नका. मी म्हटलं, बाई तर म्हणतात मिस्टर चालवणार. ते म्हणाले, बाई रिव्हर्समध्ये तुमची आळी पार करतात, मिस्टरांना ती सरळही जमायची नाही."

मी त्या खडूच्या खुणांकडे बघत होते. काळ्या रंगाखाली त्या आता दिसत नव्हत्या.

"दर जोडावर लाल औषध मारायचे, पुसायचे, मग पांढरं मारायचे," ज्ञानदेव सांगत होता. "भेग असली तर लाल वर येतं. दुसऱ्या वेळी आले तेव्हा एका जोडात केसाएवढं आलं. मला तरी दिसलं नव्हतं."

"आणि तुम्हाला कधी कळलं की ते…"

"मला त्याच दिवशी," मुक्ताबाई म्हणाल्या. "विकत घेणारा किंमत विचारतो. ह्यांनी एकदाही विचारली नाही. तुमचं वजन सांगत होते, किलोच्या वर ग्रॅमही." त्यांनी पदराने दांडी पुसली. "हे ठोके माझे आहेत. चाळीस वर्षांनी हातोडी धरली. चुकले असतील तर बोलायचं नाही."

मी दांडीवरून एकदा हात फिरवला आणि जीप सुरू केली.

घरी आले तेव्हा सुदर्शन खाली पार्किंगमध्ये उभा होता. मी इंजिन बंद केलं, तरी तो जागचा हलला नाही.

"पाठीला शेक लागतोय का?" मी विचारलं.

त्याने केजच्या मागच्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू म्हणाली होतीस, उतरते."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तो पाच महिने त्याच एका वाक्यापाशी उभा होता, आणि मी इकडे जीप मजबूत करत होते.

"दिग्विजय?" मी विचारलं.

"त्याला मागच्या महिन्यातच नाही सांगितलं. त्याने दुसरी घेतली. सरळ चौकटीची."

"मला सांगायचं नाही?"

"तू थांबली असतीस," तो म्हणाला.

हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी कशासाठी थांबले असते? मी तर त्याच्यासाठीच करत होते सगळं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. कसब्यात तिळगूळ देऊन आले, चालत. मुक्ताबाई म्हणाल्या, "जीप नाही आणली? भिंत वाट बघत होती."

सुदर्शन अजून बसलेला नाही. मी विचारणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी सहाला मी किल्ली घेतली. तो बूट घालत होता. तो डावीकडे बसला, गुडघे पुढे मोकळे राहिले, डोक्यावर चार बोटं जागा. पट्टा बांधला, मग माझा ओढून बघितला. दांडीवर दोन्ही हात. खडकवासल्यापर्यंत ते तिथेच होते. धरणापुढे एक म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला. उजवा हात दांडीवरून सुटला, माझ्या दिशेने अर्धा आला, आणि परत गेला.

चढाच्या पायथ्याशी मी जीप थांबवली. ऑगस्टात इथे नुसता चिखल होता. आता माती कडक, तीत चाकांचे जुने चर वाळून दगड झालेले. आमचेच असतील असं नाही. ह्या वाटेने बरेच जण जातात.

मी चारही चाकांचा गिअर टाकला आणि पाय क्लचवरच ठेवला.

"उतरायचं असेल तर उतरा," मी म्हणाले. "मी वर थांबते."

त्याने चढाकडे बघितलं. इंजिनाचा आवाज सोडला तर खूप शांत होतं, पाण्यावर दोन टिटव्या ओरडत होत्या. त्याचा अंगठा तांब्याच्या ठोक्यांवरून पुढे-मागे फिरत होता, एक एक मोजल्यासारखा.

"नको," तो म्हणाला. "बसतो."

मी क्लच सोडला. चढ माझ्या आठवणीपेक्षा लहान होता, पण मधल्या वळणावर उजवं चाक चराच्या काठावर चढलं आणि जीप डावीकडे कलली, ऑगस्टातल्यासारखीच. मला त्याचा श्वास ऐकू आला. मी थांबले नाही, स्टिअरिंग उताराकडे सोडलं, त्यानेच शिकवलं होतं तसं, आणि चाक आपोआप खाली बसलं. केज कुरकुरली नाही. वर पोचलो.

त्याने दांडी सोडायला जरा वेळ घेतला. मग उतरला, वाकून चारही बैठका बघितल्या, खिशातून खडू काढून प्रत्येकीवर खूण केली. मी बॉनेटवर बसून थर्मास उघडला. दोन कप भरले. खाली पाणी चकचकत होतं, आणि माझ्या डोक्यात, खरं सांगायचं तर, पलीकडच्या टेकडीवर वाट कुठून जात असेल हेच चाललं होतं.

चहा झाल्यावर त्याने हात झटकले आणि डावीकडे जाऊन बसला.

"उतारावर क्लच दाबू नकोस," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणाले.